गोष्टीचा शेवट कोणाच्या हाती? मालिका आणि भूमिकाखेळांचा एक आढावा

हिंगोली जिल्ह्यात पूर्णेच्या धरणाकाठी असलेल्या सिद्धेश्वरसारख्या गावात आज गोष्ट अनेक वाटांनी घरात येते. संध्याकाळ झाली की मराठी मालिका सुरू होतात. कॉलेजला जाणारी मुलगी मोबाइलवर हिंदीत डब झालेली कोरियन मालिका बघते, तिचा भाऊ एखाद्या अमेरिकी मालिकेचा सीझन संपवत असतो. हरिनाम सप्ताह असला की घरातली वडीलधारी मंडळी मंडपात आख्यान ऐकायला जातात. शिकायला पुण्याला गेलेले एखादे पोर सुट्टीत येते, तेव्हा त्याच्या बॅगेत वीस बाजूंचा फासा असतो आणि तोंडी ‘टेबलटॉप आरपीजी’ हे नवे नाव.

यातली चांगली गोष्ट कोणती, यावर घरोघर वाद होतात. कोरियन मालिका नेटक्या असतात, अमेरिकी मालिका धीट असतात, मराठी मालिका लांबतात, अशी मते ठामपणे मांडली जातात. मला यात एकच प्रश्न कळीचा वाटतो. गोष्टीचा शेवट कोणाच्या हाती असतो आणि तो कधी ठरतो? लेखकाच्या हाती, वाहिनीच्या हाती, परंपरेच्या हाती की समोर बसलेल्या माणसांच्या हाती? याचे उत्तर मिळाले की प्रत्येक प्रकाराचे बळ आणि दुखणे दोन्ही कळतात. आपण काय बघावे आणि काय खेळावे, हेही त्यातूनच ठरवता येते.

कोरिया: सोळा भागांची शिस्त

कोरियन मालिकेची रूढ लांबी सोळा भागांची. एक भाग साधारण तासाभराचा किंवा थोडा जास्त, आठवड्याला दोन भाग, म्हणजे आठ आठवड्यांत गोष्ट पूर्ण. अलीकडे बारा भागांच्या मालिकाही वाढल्या आहेत. अनेक ऐतिहासिक मालिका याहून मोठ्या असतात. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून राजवैद्य होण्यापर्यंत पोचलेल्या स्त्रीची ‘ज्वेल इन द पॅलेस’ ही २००३-०४ मधली मालिका ५४ भागांची होती. पुढे दूरदर्शनने ती हिंदीतून दाखवली, तेव्हा आपल्याकडच्या अनेक घरांची कोरियन गोष्टीशी पहिली ओळख झाली.

या मालिकांची दुसरी खूण म्हणजे लेखकाचे स्थान. बहुतेक मालिका एका लेखकाच्या, आणि बहुतेकदा लेखिकेच्या, नावाने ओळखल्या जातात. किम उन-सुक, पार्क जी-उन, पार्क हे-यंग ही नावे प्रेक्षक नटांच्या नावांइतक्याच सहज घेतात. लांबी आधी ठरलेली आणि लेखणी एकाच हातात, त्यामुळे पहिल्या भागात पेरलेले चौदाव्या भागात उगवते. ‘माय मिस्टर’ (२०१८) ही कर्जाने पिचलेली तरुणी आणि तिचा थकलेला वरिष्ठ यांची गोष्ट. तिचे पहिले काही भाग फार संथ चालतात. लेखिकेला तसे करता येते, कारण सोळावा भाग येणार आहे हे तिला आणि प्रेक्षकाला दोघांनाही ठाऊक असते. ‘रिप्लाय १९८८’ या वीस भागांच्या मालिकेत सोलमधल्या एका गल्लीतली पाच कुटुंबे आहेत. मुलांच्या हाती शेजारी भाजी पाठवणाऱ्या त्या आया बघताना मराठी प्रेक्षकाला चाळ किंवा गल्ली आठवणारच. २०२५ च्या ‘व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स’ने जेजू बेटावरच्या एका बाईचे सबंध आयुष्य सोळा भागांत, चार ऋतूंच्या चार खंडांत सांगितले.

या पद्धतीची दुखणीही खरी आहेत. बालपणीची विसरलेली भेट, स्मृतिभ्रंश, जन्माचे रहस्य आणि योगायोग यांच्यावर या मालिका फार विसंबतात. अनेकींचा उत्तरार्ध ढिला पडतो. पुढचे भाग लिहीत असतानाच मागचे प्रसारित करायचे, ही पद्धत तिथे वर्षानुवर्षे होती आणि तिने लेखक-कलाकारांना पार पिळून काढले. यश मिळाले की शेवट पुन्हा उघडण्याचा मोह कोरियालाही सुटलेला नाही. ‘स्क्विड गेम’चा २०२१ मधला नऊ भागांचा पहिला सीझन स्वतःत जवळजवळ पुरा होता. जगभरच्या यशानंतर २०२४ आणि २०२५ मध्ये त्याचे पुढचे सीझन आले. ते लोकांनी पाहिले, पण पहिल्याची घट्ट वीण त्यांत नव्हती, असे माझे मत आहे.

पाश्चात्त्य मालिका: सीझन मिळेल की नाही?

अमेरिकेत मालिका बहुधा एकट्याची नसते. एका मुख्य लेखकाच्या हाताखाली अनेक लेखक एका खोलीत बसून गोष्ट रचतात. तिला ‘रायटर्स रूम’ म्हणतात. जुन्या वाहिन्यांवर वर्षाला बावीसच्या आसपास भाग असत. केबल आणि स्ट्रीमिंगवर ते दहा-तेरा किंवा त्याहूनही कमी झाले. पुढचा सीझन मिळेल की नाही हे बहुधा वर्षागणिक ठरते, म्हणून प्रत्येक सीझनचा शेवट दार अर्धे उघडे ठेवून करावा लागतो. प्रेक्षकाला पुढे खेचण्याची जी ताकद अमेरिकी मालिकांत दिसते, तिचे मूळ या अनिश्चिततेत आहे. त्यांच्या अनेक फसलेल्या शेवटांचे मूळही तिथेच आहे.

‘लॉस्ट’चे उदाहरण बोलके आहे. २००४ मध्ये सुरू झालेली ही मालिका तिसऱ्या सीझनमध्ये भरकटू लागली. तेव्हा निर्मात्यांनी वाहिनीशी बोलणी करून २००७ मध्येच जाहीर करून टाकले की मालिका २०१० मध्ये संपेल. शेवटाची तारीख मिळाल्यावर कथेने पुन्हा वेग घेतला. ‘ब्रेकिंग बॅड’ पाच सीझन आणि ६२ भागांत, २०१३ मध्ये, गाजत असतानाच थांबली. तिच्या शेवटाची आजही वाखाणणी होते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे उलट झाले. मूळ कादंबऱ्या पुऱ्या होण्याआधीच मालिका त्यांच्या पुढे गेली आणि २०१९ मधल्या सहा भागांच्या शेवटच्या सीझनने असंख्य चाहते नाराज झाले. ब्रिटनमध्ये लहान मालिकेची परंपरा जुनी. ‘फॉल्टी टॉवर्स’चे १९७५ आणि १९७९ मिळून फक्त बारा भाग झाले, तरी ती विनोदी मालिकांचा मानदंड ठरली.

लेखकांच्या या खोलीवरही संकट आले आहे. २०२३ मध्ये अमेरिकी लेखकांनी १४८ दिवस संप केला. खोलीत किमान किती लेखक आणि किती आठवडे असावेत, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. गोष्ट चांगली हवी असेल तर ती रचणाऱ्याला वेळ आणि पोटाची हमी द्यावी लागते, हे त्या संपाने सगळ्या जगाला ऐकवले.

मराठी मालिका: तेरा भागांपासून हजारांपर्यंत

आपल्याकडेही ठरलेल्या लांबीची मालिका होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. त्यानंतरच्या काळात तेरा भागांचा साचा रुळला. चिं. वि. जोशींच्या कथांवरची ‘चिमणराव’, ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची ‘गोट्या’ या मालिका आपले काम करून थांबत आणि लक्षात राहत. १९९९ नंतर खासगी मराठी वाहिन्यांचा जम बसला, दैनंदिन मालिका आली आणि शेवटाची सूत्रे टीआरपीच्या हाती गेली. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिने तीन हजार भाग ओलांडले. रोज नवा भाग देणाऱ्या लेखकांची, तंत्रज्ञांची आणि कलाकारांची मेहनत मोठी आहे. त्या मेहनतीवर हजारो घरे चालतात, हे विसरून टीका करता कामा नये.

पण एक हिशेब मांडून बघावा. आठवड्याला सहा भाग, जाहिराती वगळून प्रत्येकी बावीस मिनिटे धरली तर आठ आठवड्यांत साधारण साडेसतरा तास होतात. सोळा भागांची कोरियन मालिका आठवड्याला दोन भागांनी तेवढ्याच आठ आठवड्यांत साधारण तेवढेच तास घेते. म्हणजे दोन महिने प्रेक्षक दोन्हींना सारखाच वेळ देतो. दोन महिन्यांनी कोरियन गोष्ट पुरी झालेली असते आणि मराठी गोष्टीत लग्नाची बोलणी सुरू असतात. वेळ कमी पडतो, ही सबब त्यामुळे टिकत नाही. कमी पडतो तो शेवट ठरवण्याचा अधिकार.

सिद्धेश्वरच्या माणसाला हे पाण्यावरून पटकन कळेल. येलदरीत साठलेले पाणी सिद्धेश्वरातून कालव्याला सुटते ते पाळीने, पिकाची गरज आणि साठा बघून. कालवा बारा महिने तसाच वाहता ठेवला तर वरचे धरण रिकामे होते आणि खालचे रान चिबडते. रोज सोडलेल्या गोष्टीचेही तसेच होते. लेखकाचा साठा संपतो आणि प्रेक्षकाचे मन चिबडते.

शेवट ठरवून केलेल्या मालिका मराठीत चालत नाहीत, असेही नाही. चिन्मय मांडलेकरांनी लिहिलेली आणि सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेली ‘असंभव’ पुनर्जन्माच्या रहस्यावर उभी होती. तिचे चाहते आजही भेटतात. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये लोकप्रिय असतानाच काही महिन्यांत संपवली गेली आणि म्हणून जास्त आठवते. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’चा शेवट तर महाराष्ट्रातल्या पोरासोरांना पहिल्या दिवसापासून माहीत होता. तरी २०१७ ते २०२० लोकांनी ती धरून पाहिली. काय होणार हे ठाऊक असूनही कसे होणार यासाठी माणूस बसतो.

आपल्या भागाशी जवळची गोष्ट २०२४ मध्ये आली. मानवत हे गाव परभणी जिल्ह्यातले, आणि १ मे १९९९ पर्यंत हिंगोलीही त्याच जिल्ह्यात होती. मानवतला १९७२ ते १९७४ या काळात झालेल्या खुनांवरची ‘मानवत मर्डर्स’ ही आशिष बेंडे दिग्दर्शित आठ भागांची मालिका तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकावर आधारलेली आहे. मराठवाड्याची माती आणि इथली बोली यांना धरून आठ भागांत सांगून संपणारी गोष्ट मराठीत करता येते, हे तिने दाखवले. त्याआधी ‘समांतर’ने (२०२०) सुहास शिरवळकरांच्या कादंबरीतून मोजक्या भागांची वाट चोखाळली होती.

मेजावरचा खेळ: शेवट सगळ्यांचा

आता चौथी वाट. टेबलटॉप आरपीजी, म्हणजे मेजाभोवती बसून खेळायचा भूमिकाखेळ. तीन ते सहा जण बसतात. बहुतेक खेळांत एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग मांडतो आणि वाटेत भेटणारी इतर पात्रे बोलतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ‘आता मी काय करतो’ ते सांगतात. जिथे यश अनिश्चित असते तिथे फासे टाकतात. सूत्रधाराला शेवट ठाऊक नसतो, खेळाडूंना नसतो, फाशाला तर नसतोच. तो बैठकीत तयार होतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७४ मध्ये या खेळाला छापील रूप दिले. १९८० च्या दशकात अमेरिकेत काही पालक आणि धार्मिक गटांनी हा खेळ मुलांना बिघडवतो अशी ओरड केली. काळाच्या ओघात ती विरली. पाश्चात्त्य दूरचित्रवाणीवर या खेळाचे मोठे ऋण आहे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली मुले हाच खेळ खेळतात. ‘द एक्स्पान्स’चे विश्व आधी खेळासाठी रचले गेले, मग त्याच्या कादंबऱ्या झाल्या आणि मग मालिका. ‘द लेजंड ऑफ व्हॉक्स मॅकिना’ (२०२२) ही तर मित्रांच्या खेळातून जन्मलेली ॲनिमेशन मालिका.

हा प्रकार आपल्याला परका वाटायचे कारण नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारात आजही लिखित संहिता नसते. गणपती, सरस्वती आणि संकासुराचा आडदशावतार झाला की रात्रीचे आख्यान सुरू होते. कोणी कोणते पात्र करायचे आणि कथा कुठून कुठे जायची हे आधी ठरते. संवाद मात्र नट रंगमंचावर उभे राहून, समोरच्याचे ऐकून, त्या क्षणी रचतात. तमाशातली बतावणी आणि वग अशाच हजरजबाबीपणावर वाढले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडके प्रयोगागणिक ताजे संदर्भ घालत. मराठवाड्याचा गोंधळ घ्या. मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि साथीदार मध्येच प्रश्न विचारून, शंका काढून कथेला वळण देतो. परभणीचे राजारामभाऊ कदम हे या परंपरेतले थोर नाव.

सिद्धेश्वरपासून औंढा नागनाथ जवळ आहे आणि परंपरा नामदेवांचे जन्मगाव मानते ती नरसीही याच जिल्ह्यात आहे. कीर्तनाला अडवले म्हणून नामदेव औंढ्याच्या देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा इथे शेंबड्या पोरालाही माहीत असते. तरी कीर्तनकार ती लावतो तेव्हा मंडपातून कोणी हलत नाही. शेवट परंपरेच्या हाती असतो, वाट सांगणाऱ्याच्या. दशावतार, गोंधळ आणि कीर्तन ज्या स्वातंत्र्यावर उभे आहेत, तेच स्वातंत्र्य भूमिकाखेळ एक पाऊल पुढे नेऊन ऐकणाऱ्यालाही देतो. मेजावर प्रेक्षक उरत नाही.

खेळाच्या पटावर विचार मांडण्याची रीतही आपली जुनी आहे. ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट सद्गुण-दुर्गुणांच्या घरांतून माणसाला वर-खाली नेतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या संचात दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पाने असतात.

कोणता खेळ निवडावा?

हे खेळ आता शेकड्यांनी आहेत आणि नवख्याला निवड अवघड जाते. पाच प्रश्न स्वतःला विचारावेत: माणसे किती, वेळ किती, सूत्रधार व्हायला कोणी तयार आहे का, नियमांचे ओझे किती पेलेल आणि आपल्याला कोणत्या जातीची गोष्ट हवी आहे?

महिनोन्‌महिने नियमित जमणारा गट, पराक्रमाची आवड आणि नियम वाचायची तयारी असेल तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ घ्यावा. त्याची तीन मुख्य पुस्तके जाड आणि महाग आहेत. पण त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय देऊन त्यांचे मराठी भाषांतर करायला आणि ते वाटायला आता कायद्याची आडकाठी नाही. तपासाची, हळूहळू उलगडणाऱ्या भीतीची गोष्ट हवी असेल तर १९८१ पासून चालत आलेला ‘कॉल ऑफ कथुलू’ बघावा. ‘मानवत मर्डर्स’ आवडलेल्यांना त्याची जात ओळखीची वाटेल.

एकाच बैठकीत, दोन-तीन तासांत पुरी होणारी गोष्ट हवी असेल तर जेसन मॉर्निंगस्टारचा ‘फियास्को’ (२००९) उत्तम. त्याला सूत्रधार लागत नाही. हाव आणि अविचार यांनी साध्या माणसांचा कसा विचका होतो, हे तो दाखवतो. ‘फॉर द क्वीन’मध्ये फासेही नाहीत, फक्त प्रश्नांची पाने असतात. कोरियन मालिकेतली नात्यांची ओढाताण ज्यांना आवडते, त्यांनी इथून सुरुवात करावी. जॉन हार्परचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ एका पानात मावतो आणि फुकट मिळतो. ‘आयर्नस्वॉर्न’ही फुकट उपलब्ध आहे आणि गट जमला नाही तर एकट्यानेही खेळता येतो.

गावासाठी मात्र माझी पहिली पसंती ॲव्हरी ॲल्डर यांच्या ‘द क्वाएट इयर’ला. नियमांच्या जोडीला एक कोरा कागद, पेन्सिल, काही फासे आणि पत्त्यांचा कॅट पुरतो. बावन्न पाने म्हणजे वर्षाचे बावन्न आठवडे, चार रंग म्हणजे चार ऋतू. संकटातून सावरणाऱ्या एका वस्तीचा नकाशा सगळे मिळून काढतात. पान उघडले की काहीतरी घडते आणि वस्तीला निर्णय घ्यावा लागतो. विहीर कुठे खणायची, धान्य कोणाला आधी, भांडण कसे मिटवायचे? मृग ते पुढचा मृग असे वर्ष धरून, पूर्णेकाठचे गाव कागदावर मांडून हा खेळ मराठीत सहज खेळता येईल. मूळ ऋतूंच्या जागी आपले पावसाळा, सुगी, हिवाळा आणि उन्हाळा बसवले की झाले.

एक पथ्य मात्र सगळ्या खेळांत पाळावे. खेळायला बसण्याआधी, कोणते विषय नकोत हे मोकळेपणाने ठरवून घ्यावे. अनेक गट मेजावर फुलीचे एक कार्ड ठेवतात. कोणालाही एखादा प्रसंग असह्य झाला तर त्याने कार्डाला हात लावायचा आणि कारण न विचारता तो प्रसंग वगळायचा. जात, लग्न, हुंडा, आत्महत्या हे विषय आपल्याकडे अनेकांच्या अंगावरची जखम आहेत. त्यांना हात घालायचा तर मेजावरच्या प्रत्येकाच्या संमतीने.

आढाव्याचा निष्कर्ष

चार प्रकारांची ही तुलना एका जागी येऊन ठेपते. कोरियन मालिकेत लांबी आधी ठरते म्हणून लेखकाला धीर धरता येतो. पाश्चात्त्य मालिकेत शेवटाची तारीख मिळाली की गोष्ट सावरते आणि ती नसली की भरकटते. मराठी दैनंदिन मालिकेत शेवट कोणीच आधी ठरवत नाही. तिथे कमी पडते ती मुदत, कारण लेखक, नट आणि प्रेक्षक आपल्याकडे उत्तम आहेत. भूमिकाखेळात शेवट सगळ्यांचा असतो, म्हणून हा खेळ बघणाऱ्याला सांगणारा बनवतो.

मराठी वाहिन्यांना म्हणूनच एक विनंती आहे. दिवसाच्या सगळ्या मालिका बदलू नका, पण एक वेळ राखून ठेवा. त्या वेळेत ४८ भागांची, आठ आठवड्यांची मालिका द्या आणि शेवटाची तारीख पहिल्याच दिवशी पडद्यावर जाहीर करा. लेखकाचे नाव जाहिरातीत नटांच्या बरोबरीने छापा.

आणि सिद्धेश्वर, औंढा, हिंगोली परिसरातल्या शिक्षकांना आणि ग्रंथालय चालवणाऱ्यांना एक आग्रह. उन्हाळ्याच्या सुट्टीत नववी-दहावीच्या तीन-चार मुलामुलींना एका टेबलाभोवती बसवा. ‘द क्वाएट इयर’साठी कोरा कागद, पेन्सिल, फासे आणि पत्त्यांचा कॅट द्या, नियम मराठीत समजावून सांगा आणि दोन तास त्यांना त्यांची गोष्ट रचू द्या. गोष्ट सांगायला शिकलेले मूल पुढे कोणतीही मालिका अधिक जाणतेपणाने बघेल. उद्याचे मराठी लेखकही अशाच टेबलांवरून येतील.